बेडकाला जागा लागत नाही

कागामी सुमिएच्या बेडकांना जीभ नव्हती. आफ्रिकेतले ते पंजेवाले बेडूक, चपटे, बुळबुळीत, डोळे टाळक्यावर आणि तोंडात जीभ म्हणून नाहीच. तोबारी लेक्चरर म्हणायचा, "देवानं त्या सगळ्यांच्या वाटच्या जिभा एकाच बाईच्या तोंडात बसवल्या." हे तो सुमिएच्या पाठीमागे म्हणायचा. तोंडावर म्हणेल असा शूर पुरुष त्या इमारतीत अजून जन्माला यायचा होता.

शोवा सम्राटाचं सत्तावन्नावं वर्ष चाललं होतं, म्हणजे जगाचं १९८२. नागोयातल्या एका विद्यापीठात, जीवशास्त्राच्या इमारतीत, जिन्याखालच्या लांबट खोलीत सुमिएचा बेडूकखाना होता. टाक्यांवर टाक्या. त्यात एक मादी इतकी ऐसपैस, की भाताच्या कुकरवर झाकण म्हणून बसवली असती तर वाफ बाहेर आली नसती. आणि गोम्बेई नावाचा एक नर इतका म्हातारा, की त्याला दोन सम्राट आठवत होते. सुमिए पंचेचाळिशीची, लग्न न केलेली, हुद्द्यानं नुसती सहायक. पण अंड्याला सुई टोचावी तर तिनंच. अंड्याला कळायचंसुद्धा नाही.

तिचे जुने प्रोफेसर वसंतात निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर टोकियोहून ओरिकासा सेन्सेई आले. आमच्याकडं खुर्ची बदलली की खालची माणसं खुर्चीबरोबरच जातात, नव्या सुनेच्या हाती जुनी भांडी जावीत तशी. नव्या सुनेला जुनं भांडं कधी आवडलंय?

ओरिकासा माणूस यीस्टचा. ज्यानं पाव फुगतो आणि दारू चढते, ते यीस्ट. पँटच्या इस्त्रीवर पेन्सिलीला टोक काढता यावं इतका कडक. त्याचा एकच धर्म होता: प्रत्येक गोष्टीची सुरुवात ठरलेल्या जागीच व्हायला हवी.

आणि यीस्टमध्ये ते खरंही होतं. पेशीची दुसरी पेशी व्हायची तर आधी आतल्या डीएनएची नक्कल उतरवावी लागते. पण एवढ्या लांबलचक पोथीची नक्कल कुठून सुरू करायची? पोटातल्या जंतूची पोथी बांगडीसारखी गोल, तिच्यावर सुरुवातीची जागा एकच. यीस्टची पोथी मोठी, तिच्यात जागा शेकडो, पण प्रत्येक जागेवर तेच अकरा अक्षरांचं परवलीचं वाक्य लागतं. ते दिसलं की यीस्ट कामाला बसतं. नाही दिसलं तर ढिम्म. ओरिकासानं निम्मं आयुष्य त्या अकरा अक्षरांवर घालवलं होतं, आणि उरलेलं निम्मं ती सगळ्या जगाला लागू करण्यात घालवायचा त्याचा बेत होता.

डिसेंबर लागला, तसं त्यानं सुमिएला बोलावून घेतलं. बसा म्हणाला नाही.

"कागामीसान, जिन्याखालची खोली मला यीस्टसाठी हवी. परिषदेहून परत येईन तेव्हा रिकामी दिसू दे."

"आणि बेडूक?"

"बेडकांचं काम संपलं." त्यानं टेबलावर काचेची एक बशी सरकवली. बशीत यीस्टचे पांढरे ठिपके, साबुदाणा सांडल्यासारखे. "डीएनएच्या बांगडीत बेडकाचे तुकडे एकेक करून घातले आणि त्या बांगड्या यीस्टला दिल्या. बाकीच्या यीस्टनं थुंकून टाकल्या. एका तुकड्याची मात्र नक्कल उतरवली, आणि हे सगळे ठिपके त्याचीच प्रजा. बेडकाची सुरुवातीची जागा सापडली. मी टोकियोच्या परिषदेत हेच सांगणार आहे."

सुमिए बशीकडं बघत नव्हती. "बेडकाचे तुकडे कुठून आणलेत?"

कोपऱ्यात उभा तोबारी खिडकीतून ढग मोजायला लागला.

"तोबारी, गेला महिनाभर गोम्बेई दिसत नाहीये."

"म्हातारा होता हो, कागामीसान," तोबारी म्हणाला. "आज ना उद्या..."

"तूही उद्या म्हातारा होशील. तेव्हा तुझे तुकडे कुणाला द्यायचे, सांगून ठेव."

"खातं माझं," ओरिकासा थंडपणानं म्हणाला, "तर बेडूकही माझेच. तुम्ही जाऊ शकता."

तळपायाची आग मस्तकात गेली, पण सुमिए वाकली, नमस्कार केला आणि निघाली. आमच्याकडं असंच असतं. जितका राग मोठा, तितका नमस्कार खोल. त्या दिवशी तिचं कपाळ गुडघ्याला लागायचं बाकी राहिलं.

त्याच आठवड्यात लिफ्ट बंद पडली. सुमिए बेडकांच्या पाण्याच्या बादल्या हातानं वर-खाली करत होती. जिन्याच्या वळणावर ओरिकासा पाहुण्या प्रोफेसरांचा घोळका घेऊन उभा, हातात तीच बशी, आरती ओवाळावी तशी फिरवत होता. सुमिए दोन्ही हातांत बादल्या घेऊन चढत आली, बशीसमोर थांबली, बादल्या आपटल्या आणि तोंडातून निघालं, "एराई!"

दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलाशी तोबारी तिला बघून गोड हसला. हा माणूस गोड हसला की समजावं, कुणाच्या तरी ताटात माशी पडली.

"शेवटी कबूल केलंत म्हणायचं."

"काय कबूल केलं?"

"सेन्सेई सगळ्यांना सांगतायत. काल पाहुण्यांसमोर तुम्ही बशी बघून म्हणालात, 'एराई!' खुद्द बेडूकवाल्या बाईनं दाद दिली म्हटल्यावर आता कोण शंका घेणार? त्यांच्या भाषणातसुद्धा येणार आहे ते."

सुमिएच्या हातातला कप तसाच राहिला. टोकियोत 'एराई' म्हणजे वा, थोर, धन्य! आणि नागोयात? नागोयातलं शेंबडं पोरही सांगेल. नागोयात 'एराई' म्हणजे मेले गं बाई, कंबर मोडली.

"अरे मेल्या, मी दमले होते! बादल्या होत्या माझ्या हातात!"

"शब्द तर तोच ना?"

"शब्द तोच, पण बोलणारी मी नागोयाची आणि ऐकणारा..."

ती मध्येच थांबली. तोबारीनं तिला वाक्य अर्धवट सोडताना आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, आणि तो घाबरला.

बेडकाच्या पोथीत अक्षरं कोट्यवधी. त्यात कुठंतरी ती अकरा अक्षरं योगायोगानं ओळीनं येणारच, जशी नागोयाच्या बाईच्या बोलण्यात टोकियोची स्तुती आली. यीस्टनं बेडकाचं बोलणं ऐकलं, त्यात आपल्या गावचा शब्द सापडला, आणि ते खूश होऊन कामाला लागलं. पण बेडकाला त्या शब्दाचं काय? तो तिथून सुरू करतो की नाही, हे बेडकाला कुणी विचारलं होतं का?

कप आपटून सुमिए उठली. "शनिवारी सेमिनार आहे ना? सेन्सेईंना सांग, मीही बोलणार."

"सहायकांनी फक्त स्लाईड बदलायच्या असतात, कागामीसान."

"बदलीन की. बोलता बोलता बदलीन."

शनिवारी खोली गच्च भरली. ओरिकासानं बेडकाची सुरुवातीची जागा फळ्यावर काढून दाखवली, खाली लाल खडूनं रेघ ओढली आणि विचारलं, "काही प्रश्न?" हा प्रश्न उत्तरासाठी नसतोच. पण मागून प्रोजेक्टरच्या अंधारातून आवाज आला.

"एक आहे, सेन्सेई. ही जागा बेडकाची कशावरून?"

खोलीतली सगळी डोकी सूर्यफुलासारखी वळली.

"कारण तुकडा बेडकाचा आहे," ओरिकासा म्हणाला, लहान मुलाला सांगावं तसं.

"तुकडा बेडकाचा, पण वाचणारं यीस्ट. उद्या माझं बोलणं टोकियोच्या माणसानं ऐकलं आणि दमलेल्या बाईला दाद देणारी समजला, तर चूक बाईची की कानाची?"

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मागचे बाक सगळे नागोयाचे.

ओरिकासाचे कान लाल झाले. "मग बेडूक सुरुवात कुठून करतो म्हणता?"

"अंड्यात? कुठूनही."

"कुठूनही!" त्यानं तो शब्द चिमटीत झुरळ धरावं तसा धरला. "ऐकलंत? शास्त्र नव्हे, जत्रा आहे ही."

"जत्राच आहे, सेन्सेई. बेडकाच्या अंड्याला दर अर्ध्या तासाला एकाचे दोन व्हायचं असतं. ठरलेली दारं शोधत बसलं तर पिल्लू व्हायच्या आधी मरून जाईल. आमच्याकडं नवीन दुकान उघडलं की दाराशी फुलांचे मोठे मोठे स्टँड येतात. तुम्ही आलात त्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाला आलेले तुम्ही पाहिलेत. बायका आल्या, ज्या बाजूला उभ्या राहिल्या तिथून फुलं उपटायला लागल्या, आणि तुमची कॉफी संपायच्या आत स्टँड बोडका. तुम्ही पोलिसांना बोलवायला निघाला होतात."

"ती चोरी होती!"

"ती रीत आहे. फुलं लवकर संपली की दुकान चालतं. आता सांगा, त्या बायकांनी सुरुवात कुठल्या फुलापासून केली? प्रत्येकीनं हाताला लागेल तिथून. अंड्याचं तेच."

आता सगळी खोली हसत होती, आणि त्या हसण्यात ओरिकासा एकटा उभा होता, जेवणाच्या पंगतीत चुकून शिरलेल्या टॅक्स इन्स्पेक्टरसारखा.

"सिद्ध करा," तो म्हणाला. "पण डीएनए मी देणार. तुमच्या हाताचा नको."

"द्या. वाटल्यास उकिरड्यातला द्या."

त्यानं स्वतःच्या हातानं तीन नळ्या भरल्या. एकीत त्याची लाडकी बांगडी, त्या तुकड्याची. दुसरीत तीच बांगडी, पण अकरा अक्षरं कापून काढलेली. आणि तिसरीत, मुद्दाम, जंतूंना खाणाऱ्या एका विषाणूचा डीएनए, ज्याच्या सात पिढ्यांनी बेडूक पाहिला नव्हता. कुठल्या नळीत काय आहे ते सांगितलं नाही. वर तोबारीला पहाऱ्याला बसवलं.

प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी सुमिएनं त्या कुकरच्या झाकणाएवढ्या मादीला औषधाची सुई दिली. ते औषध गरोदर बायकांच्या लघवीतून काढतात, हे तोबारीला माहीत नव्हतं. सुमिएनं नेमकं त्याच्या हातावर औषधाचा थेंब सांडल्यावर सांगितलं. तो नळाखाली हात धुवायला गेला तो साबण संपेपर्यंत आलाच नाही. सकाळी मादीनं इतकी अंडी घातली, की टाकी कमी पडली, बादली कमी पडली, शेवटी सेन्सेईंच्या पाहुण्यांचा चहाचा सेट काढावा लागला म्हणतात.

सुमिए भिंगाखाली बसली. एकेका अंड्याला टोचायची, टोचताना नळीतला डीएनए आत, आणि त्याबरोबर नवी नक्कल ओळखू यावी म्हणून डीएनए लिहायची किरणोत्सारी अक्षरं. टोचलं की अंड्याला वाटतं, आलं बाई बीज, लागा कामाला.

"आणि जुना डीएनएच दिसला तर?" तोबारी खांद्यावरून गुरगुरला. "तोच आत घातला, तोच बाहेर काढला. नक्कल झाली कशावरून?"

"तुझ्यासाठीच कात्री आणलीय. तुमचा डीएनए जंतूंमध्ये वाढलेला. जंतू त्याच्यावर आपली छाप मारतात. बेडूक छाप मारत नाही. ही कात्री फक्त छापवाल्याचे तुकडे करते. बेडकानं नवीन उतरवलेलं असेल ते अख्खं राहील, आणि किरणांनी फिल्म काळी करील. आता मानेवर श्वास सोडू नकोस, अंड्यांना वास येतो."

फिल्म धुवून आली तेव्हा ओरिकासानं ती तिच्या हातातून ओढून घेतली आणि खिडकीशी धरली. तिन्ही रांगांत काळीभोर रेघ. लाडक्या बांगडीची, अक्षरं कापलेल्या बांगडीची, आणि त्या परक्या विषाणूचीही. त्याचा तुकडा इतरांपेक्षा तसूभरही गडद नव्हता. बेडकाच्या अंड्याला सगळे सारखे.

त्यानं फिल्म उलटी धरली. पुन्हा सुलटी धरली. रेघा काही कमी झाल्या नाहीत. दाराशी सगळी मंडळी जमली होती, माना उंच करून.

"म्हणजे," ओरिकासा सावकाश म्हणाला, "बेडकाच्या अंड्याला ठरावीक जागा लागत नाही."

"नाही लागत."

"कुठंही चालतं."

"कुठंही."

"अभिनंदन, कागामीसान. तुम्ही स्वतःच सिद्ध केलंत." त्यानं फिल्म तिच्या हातात ठेवली आणि पहिल्यांदाच हसला. ते हसू बघून दूध नासलं असतं. "ज्यांना जागा लागत नाही, त्यांना खोली तरी कशाला? मी सोमवारी टोकियोला चाललो. परत येईन तेव्हा जिन्याखालची खोली रिकामी हवी."

सगळ्यात मोठ्यानं तोबारी हसला. बाकीचे पायांकडं बघत पांगले. मागच्या बाकांवरचे सुद्धा. प्रोफेसरशी वैर घेऊन कुणाला जगायचंय?

सुमिए वाकली. त्या दिवशी तिचं कपाळ खरंच गुडघ्याला लागलं.

सोमवारी ओरिकासाची गाडी स्टेशनातून सुटली असेल नसेल, सुमिएनं बाह्या वर केल्या. एकही माणूस मदतीला आला नाही. तिनं एकटीनं खोली झाडूनपुसून लख्ख रिकामी केली. एक बेडूक ठेवला नाही, एक अंडं ठेवलं नाही.

तोबारी दुपारी चहाला आला तर चहाच्या मोरीत बेडूक. वाचनालयाच्या लांब टेबलावर टाक्यांची रांग, आणि टाक्यांच्या मधे पोरं वही उघडायला जागा शोधतायत. जिन्याच्या प्रत्येक वळणावर टाकी. सेमिनारच्या खोलीत पहिला बाक माद्यांचा, दुसरा नरांचा. यीस्टच्या खोलीच्या दारातही एक टाकी, तोबारीनं ओलांडावी म्हणून. मधल्या सुट्टीत सुमिए चिरलेली कलेजी घेऊन मजलाभर फिरायची आणि खाऊ घालायची, आणि त्या वासानं खालच्या मजल्यावरच्या वनस्पतीशास्त्राची झाडं वाळली म्हणतात. नरांनी पाण्याखालून टकटक सुरू केली, ती सगळीकडून एकदम. कुणाला कळेना, इमारत बोलतेय की पाईप.

"कागामीसान, हे चाललंय काय!" तोबारी टाकी ओलांडताना ओरडला. "एका जागी ठेवा हे सगळं!"

"का बरं? यांना ठरावीक जागा लागत नाही. सेन्सेई स्वतः म्हणाले. तू सगळ्यात मोठ्यानं हसलास."

त्यानं टोकियोला फोन लावला. फोनवर बराच वेळ "हो, हो" केलं, आणि रिसीव्हर ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणाले?" सुमिएनं विचारलं.

"काही नाही."

"भाषण झालं?"

"झालं."

"बेडकाची सुरुवातीची जागा?"

तोबारीनं इकडं तिकडं पाहिलं. "नाव बदललं. 'यीस्टमध्ये चालणारे बेडकाचे काही तुकडे' असं केलं." आणि घाईघाईनं म्हणाला, "मी सांगितलं म्हणून सांगू नका."

सुमिएनं एका टाकीवरचं झाकण नीट केलं, इतकंच.

ओरिकासा परत आला. बॅग हातात, ओव्हरकोट अंगात, पहिल्याच पायरीशी थबकला. वर बघितलं, खाली बघितलं. जिना चढून ऑफिसात गेला. पाहुण्यांच्या सोफ्यावर टाकी होती आणि त्यातून ती कुकरच्या झाकणाएवढी बाई त्याच्याकडं बघत होती. फायलींच्या कपाटावर दोन टाक्या. त्याच्या खुर्चीवर मात्र काही नव्हतं. तेवढी रीत सुमिए जाणत होती.

"कागामीसान!"

ती दारात हजर. "आलात, सेन्सेई. खोली रिकामी केली. पुसूनही घेतली."

"हे हलवा."

"कुठं?"

"कुठंही!" म्हणाला आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं. वाचनालयाच्या दाराशी माणसं उभी होती. तीही ऐकत होती, आणि कुणी हसत नव्हतं, हसू इतकं दाबून धरलं होतं.

"कुठंही ठेवलेलेच आहेत," सुमिए नम्रपणे म्हणाली. "अजून दोन मजले शिल्लक आहेत. छपराचं उद्या बघते."

ओरिकासानं बॅग खाली ठेवली. ती टाकीच्या सांडलेल्या पाण्यात बसली. तिकडं त्यानं बघितलंही नाही.

"एका खोलीत," तो दातांतून म्हणाला. "सगळे. आजच."

"कुठल्या खोलीत, सेन्सेई?"

पाण्याखालून टकटक चालू.

"कुठल्या? म्हणजे मला नीट समजू दे. आमचे कान नागोयाचे."

"जिन्याखालच्या."

"यीस्टची ना ती?"

"बेडकांची!" तो ओरडला. शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्यालाही ऐकू गेलं असतं. "बेडकांची खोली! आणि या बिल्डिंगमध्ये तुम्ही पुढं कधी सहायकाच्या वर गेलात तर माझं नाव ओरिकासा नाही."

"इतकी वर्षं तेच बघत आलेय," सुमिए म्हणाली आणि सोफ्यावरची टाकी उचलून पोटाशी धरली.

तो शब्दाला जागला. ती सहायकच राहिली. आणि त्यानंतर ओरिकासा त्या इमारतीत होता तितकी वर्षं दोघांनी एकमेकांना सकाळचा नमस्कारसुद्धा केला नाही. समोरासमोर आले की दोघं भिंतीकडं बघत जायचे.

पण ते पुढचं. त्या दिवशी ती टाकी घेऊन त्याच्याजवळून जाताना टाकी कलली, आणि मादीचं ते सगळं हिरवट, कलेजीच्या वासाचं पाणी त्याच्या टोकियोहून पॉलिश करून आणलेल्या बुटांवर गेलं.

"मुद्दाम केलंत!"

"अहो, जड आहे," सुमिए म्हणाली. "बाजूला व्हा. अजून पुष्कळ न्यायच्यात."

तो बाजूला झाला.